अंगाएवढी ऊब

पहिली बाटली मी पदरात बांधून झोपले होते.
ऊब लागते तिला, नागपूरच्या मॅडमनी सांगितलं होतं,
अंगाएवढी.
कुहीच्या पंचायत समितीत, बंद पंख्याखाली आम्ही अठरा जणी,
टेबलावर बोटाएवढ्या बाटल्या, आत कागदाची चिंधी.
रेषेपर्यंत पाणी भरा. झाकण लावा. वाट पाहा.
काळं पडलं तर पिऊ नका.
एवढंच शिक्षण. मग चहा, दोन बिस्किटं, सही.

तो पौष होता, जुना पौष,
बोलताना तोंडातून वाफ निघायची.
मी कुशीवर वळले तर नवरा म्हणाला,
"अंडं उबवून रायली का वं?"

यंदाच्या पौषात गोधडी पेटीतून निघालीच नाही.
बाटल्या खिडकीत ठेवल्या, उघड्या,
रात्रीची हवाच पुरली त्यांना.
ऊब कुठून दिली, असा रकाना वहीत नाही,
म्हणून समासात लिहिलं:
गोधडी लागली नाही.

पाऊसही असाच, वाट चुकलेला.
संक्रांतीला चार दिवस, तूर शेंगांनी वाकलेली,
आणि एका रात्रीत इतका कोसळला
की उकिरडे वाहिले, गोठे वाहिले, शोषखड्डे भरून उतू गेले,
आणि सगळं उतारानं चावडीच्या विहिरीत.
तिसऱ्या दिवशी पाणी निवळलं.
त्यात तोंड पाहून कुंकू लावावं, इतकं.
"गोड हाय वं," कमळजाबाई ढोक म्हणाल्या,
"याचा चहा पाह्य कसा होते."

चावडीची बाटली सकाळी तव्याच्या बुडासारखी झाली होती.
देवळामागच्या हापशीचीही.
शाळेतली जरा उशिरा, दुपारच्या खिचडीच्या वेळी.
चौथी आमच्या वस्तीतली, विहाराच्या भिंतीलगतची.
उजेडात धरली. हलवली. पुन्हा धरली.
जशीच्या तशी.

मला आनंद झाला नाही.
लोक म्हणणार, आपल्या वस्तीची पास केली.
म्हणून चारही पुन्हा भरल्या,
सरपंचाच्या गजूला साक्षीला उभं करून,
आणि बाटल्या त्याच्याच घरी ठेवल्या, फ्रिजच्या मागे, जिथं गरम असतं.
दुसऱ्या दिवशी तो आला. काही बोलला नाही.
लाल रंगाचा डबा पुढे केला.

ब्रश माझा.
चावडीच्या विहिरीवर फुली मारताना
थेंब ओघळले पायरीपर्यंत.
माझी सासू, राहीबाई, या विहिरीकडे पाठ करून बसते.
का, ते तिनं कधी सांगितलं नाही.
तिच्या पाठीवरूनच कळलं.
आज ती वळून बघत होती.

पहाटे हापशी वाजली.
रांगेत पाचव्या कमळजाबाई,
चिंचेनं घासलेला पितळी गुंड कमरेवर.
पुढच्या चौघींनी मान वळवली नाही,
जागाही दिली नाही.
नंबर आला तेव्हा त्यांनी दांडा धरला.
आमची हापशी जड, वायसर गेलेलं,
सोळा वेळा मारल्याशिवाय पाणी वर येत नाही.
नवव्याला त्यांचा हात थांबला.

राहीबाई ओट्यावरून उठली,
गुडघा धरत, वेळ लावत.
उरलेले सात तिनं मारले.

पाणी आलं. कमळजाबाईंनी ओंजळ धरली, प्यायल्या.
"जराक खारं हाय."
"हाव, खारंच हाय," सासू म्हणाली,
"सवय होते."

बाटल्या उरल्यात अकरा.
पुढचा खोका कधी येईल, कुणी सांगत नाही.
वहीत लिहिलं: हापशी नंबर चार, रंग बदलला नाही.
समासात लिहिलं: दांडा सोळा वेळा.
मागच्या पौषात अकरा लागायचे.
एवढा पाऊस पडून.